लस, काम आणि बेकारी भत्ता

(व्याख्यानाचा मजकूर)



२५ मार्च २०२० रोजी देशभर टाळेबंदी लागू झाली आणि बुऱ्हाणपूरच्या मोहल्ल्यांतून रात्रंदिवस ऐकू येणारी यंत्रमागांची खडखड थांबली. जे शहर मीटरावर मजुरी मोजते, त्या शहरात माग थांबला की त्या दिवसाची कमाईही थांबते. तापीकाठच्या या गावाने त्यापूर्वी मंदी पाहिली होती, सुताची भाववाढ पाहिली होती, विजेचा तुटवडाही पाहिला होता. परंतु मालक, मुकादम, कामगार आणि कांड्या भरणारी बाई या सर्वांनी एकाच दिवशी घरी बसावे, असा प्रसंग कोणाच्या आठवणीत नव्हता.

पुढे १६ जानेवारी २०२१ रोजी करोना प्रतिबंधक लसीकरणास प्रारंभ झाला. प्रथम आरोग्य कर्मचारी, मग आघाडीवरील सेवक, १ मार्चपासून साठ वर्षांवरील नागरिक, १ एप्रिलपासून पंचेचाळीस वर्षांवरील सर्वजण आणि १ मेपासून अठरा वर्षांवरील सर्व प्रौढ असा तो क्रम होता. लस आली तसे दोन प्रश्नही आले. लस घेतली नाही तर कामावरून काढतील काय, हा पहिला. काढलेच, तर शासन काही भत्ता देते काय, हा दुसरा. हे दोन्ही प्रश्न एका श्वासात विचारले जात, आणि उत्तर देणाराही बहुधा एकाच श्वासात ‘होय’ किंवा ‘नाही’ म्हणून मोकळा होई. प्रत्यक्षात हे दोन वेगळे विषय आहेत. त्यांचे कायदे वेगळे आणि कार्यालयेही वेगळी. ते जेथे एकमेकांस मिळतात ती जागा फार लहान आहे, परंतु कामगाराचे नुकसान नेमके तेथेच होते.

लसीचा प्रश्न आधी घेऊ.

खानदेश-निमाडच्या जुन्या पिढीला ‘लस’ या शब्दापेक्षा ‘देवी काढणे’ हा शब्दप्रयोग अधिक परिचित होता. देवीची लस लहान मुलांना सक्तीने टोचता यावी म्हणून ठरावीक नगरपालिका व छावण्या यांच्यासाठी १८८० सालीच कायदा झाला होता. तेव्हा लसीची सक्ती ही काही करोनाच्या काळातील नवी कल्पना नव्हे. देवीचा डॉक्टर गावात आला म्हणजे मुलांना कणगीत लपविणाऱ्या आया जशा होत्या, तशी मुलांना स्वतः पुढे नेणारी माणसेही होती. अखेर एप्रिल १९७७ मध्ये भारत देवीमुक्त झाल्याचे जाहीर झाले. आज दंडावरील देवीचा वण पाहून माणसाच्या वयाचा अंदाज बांधता येतो, एवढीच त्या रोगाची खूण उरली आहे.

प्लेगची हकीकत थोडी निराळी आहे. १८९६ साली मुंबईत प्लेग पसरला, तेव्हा डॉ. वाल्देमार हाफकिन यांनी मुंबईतच प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःस टोचून घेतली. त्याच वर्षी पुण्यात प्लेगच्या बंदोबस्ताच्या नावाखाली सोजिरांकडून घरोघर झडत्या झाल्या. लोकांचा क्षोभ इतका वाढला की २२ जून १८९७ रोजी प्लेग अधिकारी रँड यांच्यावर गोळ्या झाडण्यात आल्या. रोग एकच होता. एकाने सुई आधी स्वतःच्या दंडावर धरली, दुसऱ्याने लोकांची दारे फोडली. सार्वजनिक आरोग्याच्या कामात असलेल्या प्रत्येक सेवकाने ही दोन उदाहरणे शेजारी शेजारी ठेवून पाहण्यासारखी आहेत.

करोनाच्या लसीविषयी केंद्र शासनाची भूमिका आरंभापासून लस ऐच्छिक असल्याचीच होती. ११ एप्रिल २०२१ पासून कामाच्या ठिकाणी लसीकरण शिबिरे घेण्यास परवानगी मिळाली, तीही सुमारे शंभर ‘पात्र व इच्छुक’ लाभार्थी असतील अशा ठिकाणी. यातील ‘इच्छुक’ हा शब्द बहुतेकांनी वाचलाच नाही. प्रत्यक्षात ठिकठिकाणचे आदेश पुष्कळ पुढे गेले. जून २०२१ मध्ये उज्जैन जिल्ह्यात लस न घेणाऱ्या शासकीय कर्मचाऱ्यांचे वेतन रोखण्याचा आदेश निघाला. नोव्हेंबर २०२१ मध्ये ठाणे महानगरपालिकेने पहिली मात्राही न घेतलेल्या कर्मचाऱ्यांचे वेतन न देण्याचा निर्णय जाहीर केला. त्याच महिन्यात औरंगाबाद जिल्ह्यात लसीच्या दाखल्यावाचून पेट्रोल व शिधा न देण्याचे फर्मान निघाले, आणि मध्य प्रदेशातही शिधावाटपास दोन्ही मात्रांची अट घालणारा आदेश झाला. या आदेशांमागील हेतू प्राण वाचविण्याचा होता, याविषयी शंका घेण्याचे कारण नाही. दुसऱ्या लाटेत माणसे कशी गेली हे ज्यांनी पाहिले, त्यांना तो उतावीळपणाही समजण्यासारखा आहे. परंतु हेतू चांगला असला म्हणजे आदेश कायद्यात बसतोच असे नाही.

मेघालयात दुकानदार, फेरीवाले व टॅक्सीचालक यांना लसीवाचून धंदा करू न देण्याचे आदेश निघाले होते. २३ जून २०२१ रोजी तेथील उच्च न्यायालयाने असे मत दिले की, सक्तीचे लसीकरण मूलभूत हक्कांना बाधा आणते, आणि लसीच्या नावाखाली माणसाचे उपजीविकेचे साधन हिरावून घेता येत नाही. लोकांना समजावून सांगणे हे शासनाचे काम आहे, यावर त्या न्यायालयाने भर दिला. यानंतर २ मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाचा जेकब पुलियेल खटल्यातील निर्णय आला. न्यायमूर्ती नागेश्वर राव व न्यायमूर्ती गवई यांच्या खंडपीठाने सांगितले की, शारीरिक अखंडता हा राज्यघटनेच्या २१ व्या अनुच्छेदाने संरक्षिलेला हक्क असून कोणासही लस घेण्याची बळजबरी करता येणार नाही.

या निर्णयाचा पहिला अर्धाच भाग पुष्कळांनी लक्षात ठेवला. दुसरा अर्धा भागही तितकाच महत्त्वाचा आहे. शासनाचे लसीकरणाचे धोरण न्यायालयाने अवाजवी ठरविले नाही. सार्वजनिक आरोग्यासाठी शासन व्यक्तींवर मर्यादा घालू शकते, मात्र त्या मर्यादा कारणाशी प्रमाणबद्ध असाव्यात, असे न्यायालयाने म्हटले. लस न घेतलेल्या माणसाकडून लस घेतलेल्यापेक्षा अधिक प्रसार होतो असे दाखविणारी माहिती न्यायालयापुढे आली नव्हती. म्हणून त्या वेळी लागू असलेल्या प्रवेशबंद्या प्रमाणबद्ध ठरत नाहीत, आणि संसर्ग कमी असेतोवर खाजगी आस्थापना व शिक्षणसंस्था यांच्यासह सर्वांनी त्यांचा फेरविचार करावा, असे सुचविण्यात आले. तात्पर्य हा निर्णय त्या वेळच्या परिस्थितीपुरता होता. उद्या निराळा रोग आणि निराळी लस आली, तर मोजमाप नव्याने करावे लागेल.

कामाच्या ठिकाणचे लसीकरण म्हटले की हल्ली लोकांना करोनाच आठवतो. परंतु त्याविषयीचे जे नियम आधीपासून आहेत, ते बुऱ्हाणपुरात रोज पाळावयाचे असून त्यांची चर्चा मात्र कोठेच होत नाही. येथील मावा जिलेबी दूरवर प्रसिद्ध आहे, दराबाही तसाच. अन्नव्यवसायाच्या परवान्यांसंबंधीच्या २०११ च्या विनियमांतील चौथ्या अनुसूचीनुसार परवानाधारक व्यवसायात अन्न हाताळणाऱ्या कामगारांची वर्षातून एकदा वैद्यकीय तपासणी करून घ्यावयाची असते, त्यांना विषमज्वर वर्गातील आतड्यांच्या रोगांविरुद्धची लस टोचून घ्यावयाची असते आणि त्याची नोंद तपासणीसाठी जपून ठेवावयाची असते. दुसरा नियम दवाखान्यांचा. जैववैद्यकीय कचऱ्याच्या व्यवस्थापनासंबंधीच्या २०१६ च्या नियमांनुसार असा कचरा हाताळणाऱ्या सर्व कर्मचाऱ्यांना कावीळ-बी व धनुर्वात यांसह रोगांविरुद्ध लस देणे बंधनकारक आहे. त्यात दवाखान्याचा झाडूवालाही आला, मग तो ठेकेदाराचा असो वा दवाखान्याचा.

या दोन्ही नियमांतील क्रियापदांकडे लक्ष द्यावे. ‘कामगाराने लस आणावी’ असे त्यांत कोठेही म्हटलेले नाही. व्यवस्था करण्याचे आणि नोंद ठेवण्याचे ओझे आस्थापनेच्या मालकावर टाकलेले आहे. प्रत्यक्षात पुष्कळदा उलटेच ऐकू येते. ‘उद्या टोचल्याचा कागद घेऊन ये, नाहीतर येऊ नकोस’ असे कामगाराला सांगितले जाते. ज्याने व्यवस्था करावयाची तोच दाखला मागतो, आणि ज्याच्यासाठी व्यवस्था करावयाची त्याचा दिवस बुडतो. अन्ननिरीक्षकांनी तपासणीच्या वेळी भट्टी आणि कढई पाहून झाल्यावर नोंदवहीही उघडून पाहिली, तर या नियमाला जीव येईल.

आता दुसरा प्रश्न, बेकारीच्या भत्त्याचा. सर्वसाधारण समज असा की, काम गेले की शासनाकडून सर्वांना सारखा भत्ता मिळतो. तसे काही नाही. कारखान्यातील कामगारासाठी हा भत्ता मुख्यतः राज्य कामगार विमा योजनेतून येतो, जिला सर्वजण ‘ईएसआय’ म्हणून ओळखतात. तेथे भत्ता दया म्हणून मिळत नाही. तो वर्गणीच्या बदल्यात मिळतो. १ जुलै २०१९ पासून कामगाराच्या वेतनातून पाऊण टक्का आणि मालकाकडून सव्वातीन टक्के असा वर्गणीचा दर ठरला. ज्याची वर्गणी भरली गेली तोच विमेदार.

या योजनेखाली दोन वाटा आहेत. पहिली राजीव गांधी श्रमिक कल्याण योजना, १ एप्रिल २००५ पासूनची. कारखाना कायद्याने बंद झाला, कामगाराची छाटणी झाली, अथवा कामाशी संबंध नसलेल्या दुखापतीने किमान ४० टक्के कायमचे अपंगत्व आले, तर तिचा लाभ मिळतो. तिची मुदत टप्प्याटप्प्याने वाढून २४ महिन्यांपर्यंत गेली. पहिली १२ महिने ५० टक्के व नंतरची १२ महिने २५ टक्के असा दर ठेवण्यात आला. दुसरी अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना. ती १ जुलै २०१८ पासून प्रायोगिक स्वरूपात सुरू झाली. आरंभी तिचा दर वेतनाच्या २५ टक्के होता. करोनाच्या काळात २४ मार्च २०२० पासूनच्या बेकारीसाठी तो ५० टक्के करण्यात आला आणि अटीही सैल झाल्या. तिची मुदत नंतर वेळोवेळी वाढविली गेली असल्याने अर्ज करण्यापूर्वी शाखा कार्यालयात मुदतीची तारीख विचारून घेणे इष्ट.

सैल झालेल्या अटी अशा. बेकार होण्यापूर्वी कामगार किमान दोन वर्षे विमेदार असावा. बेकारीच्या लगतच्या वर्गणीकाळात त्याची किमान ७८ दिवसांची वर्गणी भरलेली असावी, आणि त्याआधीच्या तीन वर्गणीकाळांपैकी एकात तरी ७८ दिवसांची असावी. वर्गणीकाळ सहा महिन्यांचा असतो, एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च. भत्ता आयुष्यात एकदाच, जास्तीत जास्त ९० दिवसांचा. बेकारीस ३० दिवस झाल्यावर तो देय होतो. पूर्वी अर्ज जुन्या मालकामार्फत पाठवावा लागे. म्हणजे ज्याने काढले त्याच्याच दारात पुन्हा उभे राहणे आले. २०२० मध्ये ही अट काढून टाकण्यात आली आणि अर्ज थेट शाखा कार्यालयाकडे करता येऊ लागला. या एका दुरुस्तीने जेवढे काम झाले, तेवढे दर वाढवूनही झाले नसावे.

रक्कम किती होते तेही पाहावे, कारण अफवांचा जन्म रकमेतूनच होतो. चार वर्गणीकाळांतील एकूण वेतनास ७३० ने भागावयाचे, म्हणजे रोजची सरासरी निघते. समजा, एखाद्यास महिना १२,००० रुपये मिळत होते. दोन वर्षांचे झाले २,८८,०००. त्यास ७३० ने भागता रोजचे सुमारे ३९४ रुपये ५२ पैसे येतात. त्याचे अर्धे १९७ रुपये २६ पैसे. ९० दिवसांचे होतात सुमारे १७,७५३ रुपये. एवढ्यात संसार चालत नाही हे खरेच. परंतु तीन महिन्यांचे घरभाडे आणि किराणा भागला, तर माणूस सावकाराच्या उंबऱ्यावर जात नाही.

आता ती लहानशी जागा, जेथे लस आणि भत्ता एकमेकांस मिळतात. अटल योजनेचा लाभ कोणास मिळत नाही याची यादी योजनेतच दिलेली आहे. गैरवर्तनाबद्दल शिस्तभंगाच्या कारवाईने बडतर्फ झालेला, स्वेच्छेने नोकरी सोडलेला, निवृत्त झालेला, स्वेच्छानिवृत्ती घेतलेला, टाळेबंदीमुळे किंवा बेकायदेशीर ठरलेल्या संपामुळे घरी बसलेला. या ठिकाणी टाळेबंदी म्हणजे मालकाने कारखान्यास लावलेले टाळे, करोनाची नव्हे. शब्द एकच असल्याने २०२० साली या कलमाचा अर्थ पुष्कळांनी चुकीचा लावला असेल. या यादीत लसीचा उल्लेख नाही. लस न घेणारा अपात्र असे म्हटलेले नाही, आणि लस घेणारा पात्र असेही नाही. निर्णय होतो तो नोकरी संपल्याचे कारण म्हणून कागदावर काय लिहिले आहे त्यावरून.

उदाहरण घेऊ. लालबागेच्या बाजूच्या एका कारखान्यात तीन वर्षे काम केलेला, वर्गणी नियमित भरलेला एक कामगार आहे. लसीच्या कारणावरून मुकादमाशी त्याची बोलाचाली झाली. मुकादम म्हणाला, ‘उद्यापासून येऊ नकोस.’ कामगार रागाने घरी गेला. पंधरा दिवसांनी हिशेबासाठी आला, तेव्हा त्याच्यापुढे एक छापील कागद ठेवण्यात आला. कागद इंग्रजीत, त्याने सही केली आणि पैसे घेतले. कागदावर लिहिले होते की, घरगुती अडचणीमुळे तो स्वखुशीने राजीनामा देत आहे. त्या एका सहीने तो अपात्रांच्या यादीत गेला. सही न करता तो नुसता घरी बसून राहिला असता, तरी ‘सलग गैरहजर राहून काम सोडले’ असा शेरा पडला असता, आणि परिणाम तोच झाला असता. मालकाने ‘सेवा समाप्त केली’ असे लिहून दिले असते, तर तोच माणूस, तेच भांडण आणि तीच न घेतलेली लस असूनही भत्त्याचा दरवाजा उघडा राहिला असता.

लस न घेणे हे गैरवर्तन ठरते काय, असा प्रश्न काही मालकांनीही विचारला आहे. ज्या कामासाठी कायद्यानेच लस ठरविली आहे, त्या ठिकाणी कामगाराने मिळालेली सोय नाकारली तर त्याला दुसरे काम देण्याचा विचार आधी व्हावा. जेथे तसा नियमच नाही, तेथे केवळ नकारास गैरवर्तन म्हणणे २ मे २०२२ च्या निर्णयानंतर अवघड आहे. आणि गैरवर्तन म्हणावयाचेच असेल, तर लेखी आरोपपत्र, चौकशी आणि आपले म्हणणे मांडण्याची संधी ही तीन पावले टाकावीच लागतात. दारावर उभे राहून तोंडी बडतर्फी होत नाही. कामगाराने अशा वेळी एकच गोष्ट करावी. दुसऱ्या दिवशी कामावर जावे, आणि आत घेतले नाही तर त्याच दिवशी ‘कामावर आलो होतो, आत घेतले नाही’ असे दोन ओळींचे पत्र रजिस्टर टपालाने मालकास व श्रम कार्यालयास पाठवावे. टपालाची पावती जपून ठेवावी.

परदेशांतही हाच गुंता झाला, आणि तेथे त्याची उघड चर्चा झाली. कॅनडात ऑक्टोबर २०२१ मध्ये संबंधित मंत्र्यांनी सांगितले की, मालकाचा लसीचा नियम नाकारून नोकरी गमावणारा सर्वसाधारणपणे बेकारी विम्यास पात्र ठरणार नाही. अमेरिकेत बहुतेक ठिकाणी तसाच अर्थ लावला जात होता. पण २०२१ च्या अखेरीस आयोवा, फ्लोरिडा, कॅन्सस व टेनेसी या राज्यांनी कायदे करून लस नाकारल्यामुळे काढलेल्यांस भत्त्याचे दार उघडे केले. दोन्ही बाजूंनी निदान कायद्यात काय आहे ते लोकांस कळले. आपल्याकडे ही गोष्ट कायद्यात न ठरता हिशेबाच्या कागदावर ठरते, म्हणून तो कागद वाचता येणे एवढे महत्त्वाचे.

बुऱ्हाणपूरची खरी अडचण मात्र याच्याही आधी सुरू होते. राजीनाम्याचा कागद पुढे येण्यासाठी नोकरीचा कागद असावा लागतो. यंत्रमागाच्या धंद्यात मजुरी मीटरावर मिळते. हजेरीपट बहुधा मुकादमाच्या खिशातील वहीत असतो, आणि एकाच छपराखालील माग निरनिराळ्या नावांनी दाखविले की कामगारांची संख्या दहाच्या खाली राहते. वीज वापरणाऱ्या कारखान्यात दहा किंवा अधिक माणसे असली की विमा लागू होतो. म्हणून दहा हा आकडा यंत्रमागाच्या गावांत फार बोलका आहे. कित्येक कामगारांची अशीही समजूत असते की, तुकड्यावर मजुरी घेणाऱ्यास विमा नसतो. ती चुकीची आहे. मजुरी महिन्यावर असो वा मीटरावर, कामगार तो कामगारच. घरी कांड्या भरणाऱ्या स्त्रियांची स्थिती याहून बिकट असते, कारण त्यांचे नाव मुकादमाच्या वहीतही नसते.

टाळेबंदीत याची कसोटी लागली. ज्यांचे नाव पटावर नव्हते त्यांच्यासाठी ५० टक्के दराची बातमी ही केवळ बातमीच राहिली. ऑगस्ट २०२१ मध्ये ई-श्रम नोंदणी सुरू झाली, तेव्हा अनेकांनी ते कार्ड बेकारी भत्त्याचे कार्ड समजून काढले. असंघटित कामगारांची नोंद या दृष्टीने ते उपयुक्त आहे, ते काढावेच. परंतु त्यातून बेकारीचा भत्ता मिळत नाही, हे नोंदणी करणाऱ्यानेच त्या वेळी सांगावयास हवे.

पटावर नाव असणाऱ्यांचीही निराळीच कोंडी होऊ शकते. त्याचे उदाहरण याच शहरात आहे. बुऱ्हाणपूर ताप्ती मिल १९७४ च्या कायद्याने राष्ट्रीयीकृत झाली आणि राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाकडे गेली. मार्च २०२० मध्ये महामंडळाच्या चालू असलेल्या २३ गिरण्यांची चाके थांबली, त्यांत ही गिरणी होती. शासकीय टाळेबंदी उठली, यंत्रमाग फिरू लागले, गिरणीचा भोंगा मात्र वाजला नाही. कामगार पटावर राहिले. छाटणी झाली नाही, आणि काम नव्हते. छाटणीवर मिळणारा भत्ता छाटणी झाल्यावाचून कसा मिळावयाचा? शेजारच्या नेपानगरचा कागद कारखानाही नूतनीकरणासाठी २०१६ पासून बंद होता, तो ऑगस्ट २०२२ मध्ये पुन्हा सुरू झाला. तेथे कामगारांना वाट पाहण्याचे फळ मिळाले. सर्वत्र तसे होईलच, असे मात्र धरून चालता येत नाही.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रमसंहिता अमलात आल्या. विम्याच्या तरतुदी आता २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत आहेत. या बदलातील एक गोष्ट यंत्रमागाच्या कामगारास सर्वांत जवळची आहे. प्रत्येक कामगारास लेखी नियुक्तिपत्र देणे आता बंधनकारक झाले आहे. दहापेक्षा कमी माणसे असलेल्या आस्थापनांनाही स्वेच्छेने विम्यात येता येते. नियुक्तिपत्र मिळाले म्हणजे मुकादमाची खिशातील वही एकटी राहत नाही. ज्याला ते मिळाले नसेल त्याने मागावे. एकट्याने मागण्यास संकोच वाटत असेल तर पाळीतील पाचदहा जणांनी मिळून मागावे.

येथे शिक्षकांचे एक काम आहे, आणि ते त्यांच्यावाचून दुसऱ्यास जमणारे नाही. बुऱ्हाणपुरात घरात मराठी, बाजारात हिंदी व उर्दू, आणि कारखान्याचा कागद इंग्रजीत, अशी स्थिती अनेक कुटुंबांची आहे. सही करण्यापूर्वी कागद वाचून दाखविणारा माणूस म्हणून गावात शिक्षकाकडेच पाहिले जाते. कागदात ‘राजीनामा’ आहे की ‘सेवासमाप्ती’, एवढे एक पाहून सांगितले तरी पुरे. लसीच्या शिबिराच्या वेळीही हेच. सुई कशाची, कोणासाठी, नंतर ताप आला तर कोठे जावयाचे, हे शिक्षकाने किंवा आशा कार्यकर्तीने सांगितले की माणसे आपणहून पुढे येतात. शिबिराच्या दिवशी मजुरी कापली जाणार नाही, एवढे मालकाने जाहीर केले तर आणखी येतात. लस नाकारणाऱ्यांत भीतीने नाकारणारे असतात, तसे दुसऱ्या दिवशीच्या तापाने मजुरी बुडेल म्हणून टाळणारेही असतात. विमेदारास अशा आजारपणातही वैद्यकीय प्रमाणपत्रावर नियमानुसार आजारलाभ मिळू शकतो, हे त्यांना बहुधा ठाऊक नसते.

शेवटी विम्याच्या क्रमांकाविषयी. तो दहा अंकी असतो आणि कारखाना बदलला तरी बदलत नाही. रावेर किंवा मुक्ताईनगरकडून येऊन बुऱ्हाणपुरात काम करणारा, अथवा येथून भिवंडीस किंवा सुरतेस जाणारा कामगार नव्या ठिकाणी जुना क्रमांक सांगत नाही, आणि तेथे त्याच्या नावे दुसरा क्रमांक निघतो. मग वर्गणी दोन खात्यांत विभागली जाते, आणि ७८ दिवसांची बेरीज दोहोंपैकी एकातही भरत नाही. क्रमांक घरातील पंचांगाच्या मागे लिहून ठेवावा. आधार कार्डावरील, बँकेच्या पुस्तकातील आणि विम्यातील नाव एकसारखे आहे की नाही तेही पाहावे. एकात ‘विठ्ठल’ आणि दुसऱ्यात ‘विठल’ एवढ्या फरकानेही अर्ज परत येतो, आणि दुरुस्ती काम सुरू असतानाच करून घेतली तर मालकाची सही सहज मिळते.